सुलोचनाबाईंचं पाणी

बाहेर ९४, आत १९

"सासूबाई पाणी घेत नाहीत," माझ्या सासूबाई मला म्हणाल्या.

मी खळ्यातून, म्हणजे अंगणातून, पडवीत येऊन छत्री झटकत होतो. त्या गावात छत्री झटकण्याला काही अर्थ नव्हता, पण मी नवीन होतो.

"कालपासून?"

"काल संध्याकाळचं आहे तसंच आहे. वाटी बदलून बघितली. फुलपात्र ठेवलं. मग शर्वाणीच्या बारशातली चांदीची वाटी काढली. ढुंकून बघत नाहीत."

"डोळे?"

"मिटलेले. तोंड भिंतीकडे. पहिल्यापासून तसाच स्वभाव."

माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे माईंच्या, सासूबाई जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. ज्या पाणी घेत नव्हत्या त्या सासूबाई काचेच्या टाकीत, दिव्याखाली, फरशीच्या तुकड्यावर पडून होत्या. वीतभर लांब, पिवळट, अंगभर काळे ठिपके, शेपूट गाजराएवढी जाड.

ती पाल होती. भिंतीवर चढणारी नव्हे. वाळवंटातली, जमिनीवर चालणारी, पापण्या मिटून झोपणारी, माझ्या बायकोने, शर्वाणीने, हौसेने पाळलेली. तिचं नाव सुलोचना. शर्वाणीने ते आपल्या आजीवरून ठेवलं होतं, कारण आजी अशीच काही न बोलता टक लावून बघायची म्हणे. नाव ठेवताना तिने आईचा विचार केला नाही. माई सासूचं नाव घेत नसत. मग सासू बाई असो की पाल.

बाहेर ९४, आत १९ (अजून तेच)

मी सोलापूरचा. आमच्याकडे हवेत पाणी असतं ही गोष्ट पुस्तकातून शिकवतात. कुडाळच्या पुढे, माझ्या सासुरवाडीला, ती बनियन घालताना कळते. शर्वाणी तीन आठवडे डेन्मार्कला ऑफिसच्या कामाला गेली होती आणि चतुर्थीला थेट माहेरी येणार होती. "तू सुलोचनेला घेऊन आधी जा," ती म्हणाली होती. म्हणून मी, टाकी, दिवा आणि हवेतली ओल, टाकीबाहेरची आणि आतली, टक्क्यांत मोजायचं घड्याळाएवढं यंत्र, असे आम्ही गेलो.

माझे सासरे भालचंद्र मेस्त्री, म्हणजे भाऊ, गणपती करतात. लांबलचक पडवीत त्यांची गणपतीची शाळा, म्हणजे कारखाना. लोक आपापले पाट आणून देतात आणि त्या पाटावर भाऊ मूर्ती उभी करतात. बाकीच्या घरात विजेचा दिवा जीव सोडल्यासारखा पेटायचा, पडवीत मात्र नीट पेटायचा, म्हणून सुलोचना शाळेत राहिली. एका बाजूला गणपतींची रांग, टोकाला ती.

श्रावण चालू होता. घरात मासळी बंद. मी तिच्यासाठी डब्यातून जिवंत रातकिडे आणले होते, त्यावरून भाऊ गंभीर झाले. "शाळेत मांसाहार नको," म्हणाले. पण सुलोचनेने रातकिड्याकडेही पाठ फिरवली, तेव्हा माई नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "त्यांचा श्रावण कधी मोडला नाही."

श्रावण नव्हता तो. ती कात टाकायला आली होती. रंग राखेसारखा झालेला, डोळ्यांवर पापुद्रा. कात सुटायला ओल लागते. सुटली नाही तर बोटांभोवती दोऱ्यासारखी आवळते आणि बोटं झडतात. डोळ्यांवर चिकटून राहिली तर दिसत नाही, आणि ज्याला दिसत नाही तो प्राणी पाणी पीत नाही. वाळवंटात अशा वेळी ती दगडाखालचं ओलसर बीळ शोधते. टाकीत त्या बिळाच्या जागी शर्वाणीने एक डबा दिला होता. झाकणाला भोक, आत ओलं शेवाळ.

डबा टाकीत नव्हता.

बाहेर ९५, आत १८

मी : माई, इथे एक डबा होता.

माई : घासून ठेवलाय. फळीवर.

मी : आत शेवाळ होतं.

माई : होतं ना! मी म्हटलं, जावयांच्या लक्षात आलं नसेल. दगडांच्या गडग्यापलीकडे टाकलं.

भाऊ : (रंगाचा ब्रश न थांबवता) कित्याक?

माई : कित्याक म्हणजे? घरात शेवाळ! गेल्या साली तुमी न्हाणीच्या पायरीवरना पडलात ते कशान पडलात?

मी : माई, ते विकत आणलेलं होतं.

(ब्रश थांबतो.)

भाऊ : काय इकत आणलेला?

मी : शेवाळ.

भाऊ : पैसे देऊन?

भाऊ हसत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. ते उठले, खळ्यात गेले आणि गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याला हाक मारून म्हणाले, "आमच्या घाटी जावयान शेवाळ इकत घेतल्यान!" मग परत येऊन शांतपणे ब्रश उचलला. मला म्हणाले, "पुढच्या वर्षी कळवा. टेंपो भरून पाठवतो."

शेवाळाच्या जागी माईंनी कोळशाचं गाठोडं आणि भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवली होती. तिथली माणसं चार महिने ओलीशी लढतात. मिठाच्या बरणीत, काडेपेटीत, लग्नाच्या अल्बममध्ये, आणि दरवर्षी हरतात. माझ्या टाकीत माई ती लढाई पहिल्यांदाच जिंकल्या होत्या. बाहेर भिंतींना घाम फुटलेला, आणि आत चार काचांमध्ये असा कडकडीत कोरडेपणा की सुलोचनेची कात तिच्या अंगावर पापडासारखी वाळत होती.

बाहेरचं शेवाळ आणावं म्हटलं, तर गणपती यायचे म्हणून सगळ्या आवाराला, गडग्याच्या दोन्ही बाजूंना, ब्लीचिंग पावडर मारून झालेली. कोळसा काढून ओल्या पंच्याचं बीळ केलं, सुलोचना त्याला वळसा घालून गेली. फवारा मारला, तो दिव्याने दोन मिनिटांत पिऊन टाकला.

शर्वाणीचा फोन (माझं बोलणं गाळून)

"डबा कुठाय?... आईने काय केलं?... शेवाळ?... बरं. ओरडू नकोस तिला. ऐक. दिवा अजिबात काढायचा नाही. टाकी उघडी ठेवायची नाही. तिथली गार ओल छातीत बसली की संपलं. हवा कोरडीच हवी, फक्त एक कोपरा ओला. ओला, उबदार, अंधारा आणि अरुंद. चारही पाहिजेत, तीन चालत नाहीत... बोटं बघ. टोकं पांढरी पडलीत?... किती?... सगळी?... निरंजन, मी परवा निघते. तोवर तिने पाणी घेतलं तर फोन कर. नाही घेतलं तर करू नकोस, विमानात मला काही करता येणार नाही. आईला दे... आई, रडू नकोस. आई, ती आजी नाहीये, पाल आहे. पाल! पाया कसल्या पडतेस!"

बाहेर ९६, आत १९

त्याच दुपारी आबामामांच्या गणपतीची सोंड पडली.

आबामामा म्हणजे भाऊंचे मामा, थोरल्या सुलोचनाबाईंचे धाकटे भाऊ. त्यांची मूर्ती छोटी, हातभराहूनही कमी, पण ती भाऊंच्याच हातची हवी. बाकीचे सगळे गणपती रंगून, डोळे आखून तयार होते. हा एकटा मागे राहिलेला, कोपऱ्यात ओलाच बसलेला, आणि त्याची सोंड हळूच गळून मांडीवर पडली. भाऊंनी ती उचलून बघितली. मग संपूर्ण मूर्तीच मोडून मातीत घातली, साच्यातून नवी काढली आणि कपाळाला हात लावून बसले. चतुर्थी तोंडावर, आणि हातात शाडूचा ओला गोळा.

"पंख्याखाली ठेवा," मी म्हणालो.

"भेगा पडतील."

"शेगडी?"

"काळा पडेल." भाऊ टाकीकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. "जावय, तुमची ही पेटी. आत धूर नाही, वारा नाही, सारखी ऊब."

"भाऊ, त्यात पाल आहे."

"प्राणप्रतिष्ठा होईस्तोवर ती माती. मातीत पाल असतेच."

"सासूबाईंना विचारलंत?" माई दारातून म्हणाल्या.

"आवशीक मी सांगतंय," भाऊ म्हणाले, आणि खरोखरच टाकीपाशी वाकले. काचेवर बोटाने टकटक केलं. "आये, वाईच सरकान घे."

सुलोचना सरकली नाही. भाऊंनी पाटासकट मूर्ती दिव्यापासून लांबच्या बाजूला ठेवली आणि झाकण लावलं. मला एकाच वेळी दोन भीती वाटत होत्या. पाल मूर्ती खराब करील, आणि मूर्ती पालीला काही करील. दुसऱ्या भीतीला नाव नव्हतं.

आत २७. आत ३८. आत ५१.

यंत्राचा काटा चढू लागला. मूर्ती वाळत होती, म्हणजे तिच्यातलं पाणी कुठेतरी जात होतं, आणि जायला फक्त ती टाकी होती. काचेच्या आतल्या बाजूला, मूर्तीच्या पाठीशी, धुकं आलं.

साच्यातली मूर्ती आतून पोकळ असते. आत वारं जाऊन ती वाळावी म्हणून पाठीला भोक ठेवतात, अगदी शेवटी बुजवतात. ते भोक ओलं होतं. दिव्याने उबदार झालं होतं. आत अंधार होता, आणि जागा वीतभर पालीला पुरेल इतकीच होती.

सुलोचना उठली. डोळे मिटलेलेच. नाकाने फरशी चाचपत, पांढऱ्या पडलेल्या बोटांवर अडखळत ती मूर्तीपर्यंत आली. मातीला जीभ लावली. मग पाटावर चढली, गणपतीच्या मागे गेली, आणि आधी डोकं, मग पोट, मग ती गाजरासारखी शेपूट आत गेली.

भाऊंच्या हातातला ब्रश ठिबकत होता.

"देवळात गेल्या," माई म्हणाल्या.

बाहेर ९३, आत ५८

दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली नाही. मी भोकातून टॉर्च मारायला निघालो तर भाऊंनी हात धरला. "कपडे बदलताना बाईमाणसावर उजेड मारतात?"

त्यांनी टाकीत हात घालून तिथल्या तिथेच मूर्ती रंगवायला घेतली. जसजशी सुकेल तसतशी. पोटापासून सुरुवात, मग हात, मग सोंड. मधूनमधून आतून काहीतरी हललं की भाऊ ब्रश मागे घेत आणि म्हणत, "जाता हां, जाता." हे ते कोणाला म्हणत होते ते मी विचारलं नाही.

दुपारी भाऊ जेवून आडवे झाले. माई टाकीसमोर पाट घेऊन बसल्या. शेजारी तांब्या.

"जावयबापू, पाल माणसाच्या हातचं पाणी पिते?"

"थेंब दिसला तर चाटते. वाटीतलं पाणी हलत नाही, त्यामुळे काहींना कळत नाही. बोटावरचा थेंब हलतो."

"कोणाच्याही बोटावरचा?"

"कोणाच्याही."

"हात कोणाचा ते कळत नाही तिला?"

"नाही कळत."

माईंनी बराच वेळ तांब्याच्या गळ्यावरून हात फिरवला. माझ्याशी त्या नेहमी पुस्तकातल्यासारखं बोलत, जावई म्हणून. तेव्हा पहिल्यांदा त्या घरातल्यासारख्या बोलल्या.

"ह्या बाईन माझ्या हातचा पाणी कधी घेतल्यान नाय. जेवण घेतल्यान. झील, म्हंजे ह्ये, समोर बसलेले असायचे म्हणान. पाण्याक मात्र आपली आपण बावीर रहाट ओढूक जायची. पावसात, तापात. ह्येंनी माका पळवून आणल्यानी, मी दुसऱ्या जातीतली. एक शब्द वाकडा बोलली नाय कधी. खालची मान वर करून बघायची नि कळशी उचलायची."

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो.

"शेवटाक अंथरुणावर पडली, तेवा शर्वाणी चमच्यान पाजायची. मी तांब्यो भरून उंबऱ्याच्या भायर ठेवायचंय. कोणी भरलो ता तिका म्हायत नव्हता."

"म्हणजे घेतलं तर होतं, माई."

"म्हायत नसताना घेतलेला पाणी," माई म्हणाल्या, "ता काय पाणी?"

मग त्यांनी पदराने काच पुसली, जी आतून धूसर होती आणि बाहेरून पुसून साफ होणार नव्हती.

बाहेर ९४, आत ४४

ही गोष्ट आता जुनी झाली. पण डोळे आखल्यावर भाऊ काय बोलले ते मला आठवतं. त्यांनी श्वास रोखून दोन रेघा ओढल्या, झाकण लावलं, आणि मला म्हणाले, "एका बाजूचे उघडले. दुसऱ्या बाजूचं देव जाणे."

पाठीचं भोक अजून उघडं होतं. मातीचा एक मऊ गोळा भाऊंनी ओल्या फडक्यात तयार ठेवला होता. बुजवायचं काम दोन मिनिटांचं, पण आतलं बिऱ्हाड निघत नव्हतं. मूर्ती वाकवून झटकावी तर रंग ताजा. काडीने पाल ढकलावी तर शेपूट तुटायची भीती. आणि आतला प्राणी जिवंत आहे की नाही हेही कोणाला नक्की ठाऊक नव्हतं. हालचाल थांबून बराच वेळ झाला होता.

शर्वाणी विमानात होती. मी फोन केला नव्हता.

मोजलं नाही

खळ्यात झांज वाजली. आबामामा गणपती न्यायला आले. डोक्यावर टोपी, हातात मोठी काळी छत्री, मागे झांज वाजवणारा नातू. बहीण गेल्यापासून दरवर्षी ते खळ्यातच उभे राहत, पाणीही न घेता, आणि भाऊ मूर्ती बाहेर आणून देत.

"झालो?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"झालो, मामा. पाठ बुजवची रवली."

"मग बुजव."

"आत कोण आसा."

"कोण?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी माईंकडे.

"तुमची भयण," माई म्हणाल्या.

झांज थांबली. आबामामा छत्री न मिटताच पडवीची पायरी चढले, छत्री दारात अडकली, ती तशीच सोडून ते आत आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा, असं भाऊ नंतर म्हणाले. टाकीपाशी वाकून त्यांनी आपल्या गणपतीच्या पाठीत डोळा लावला.

"काळोख आसा."

"वाईच थांबा."

"मुहूर्त—"

"गणपती थांबतलो," माई म्हणाल्या. त्यांनी झाकण काढलं, तांब्यात बोट बुडवलं आणि हात टाकीत घातला. आजवर त्यांनी तिथे वाट्या ठेवल्या होत्या त्या चिमट्याने. बोट भोकापाशी नेऊन धरलं. टोकावर थेंब लोंबत होता. माईंनी बोट हलकेच हलवलं, तसा थेंबही हलला.

काही झालं नाही. थेंब पडला. माईंनी पुन्हा बोट बुडवलं. तोही पडला. गणपतीच्या पाठीवरून पाण्याची बारीक रेघ ओघळू लागली, तशी भाऊंनी रंगाच्या काळजीने तोंड उघडलं आणि माईंकडे बघून मिटलं.

तिसऱ्या थेंबाला भोकात नाक दिसलं.

मग डोळे. उघडे. स्वच्छ, रुपेरी, मधोमध उभी काळी रेघ असलेले. त्या डोळ्यांनी आधी थेंबाकडे बघितलं, मग थेंबावरून बोटाकडे, बोटावरून मनगटाकडे, आणि तिथून वर, माईंच्या तोंडाकडे. टक लावून. काही न बोलता.

"अशीच बघायची," आबामामा कुजबुजले आणि त्यांनी टोपी काढली.

पुढचा पाय बाहेर आला. गुलाबी, ओलसर, बोटं सगळीच्या सगळी. पिवळं अंग हळदीसारखं लखलखीत. तिने पाय माईंच्या बोटावर ठेवला, जीभ काढली आणि थेंब चाटला.

माई हलल्या नाहीत. दुसरा हात तांब्यात घालून त्यांनी पाणी पहिल्या हातावर सोडलं. सुलोचना सबंध बाहेर आली, त्यांच्या तळव्यावर बसली आणि पिऊ लागली. भाऊंनी घाईघाईने मातीचा गोळा उचलून भोक बुजवलं, अंगठ्याने सारखं केलं. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"मामानू," माई म्हणाल्या, "बघितलात?"

"बघितलंय."

"कोणाच्या हातचा?"

आबामामांनी दारात अडकलेल्या छत्रीकडे बघितलं. नातवाकडे बघितलं.

"तुझ्या," ते म्हणाले.

"डोळे उघडे आसत ना तिचे?"

"आसत."

"माका बघून घेतल्यान ना?"

"बघून घेतल्यान." आबामामांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि एक पाऊल मागे सरकले. "माका पाण्याची तान नाय हां."

"तुमका कोण इचारता?" माई म्हणाल्या, आणि बोट पुन्हा तांब्यात बुडवलं.